उजाड बागेचें पाठशोधन

जुने वाडे, देवस्थानें, मठ, समाध्या व छत्र्या यांच्या लगत पूर्वीं बहुधा एखादी बाग असे. वाडा पडला तरी त्याचें जोतें राहतें. देवालय जीर्ण झालें तरी पूजा चालू असते. बाग मात्र दोनचार पावसाळे दुर्लक्ष झालें कीं रानांत मिळून जाते. अलीकडे अशा जागा साफ करून तेथें पुन्हा बागा उठविण्याची इच्छा ठिकठिकाणीं दिसूं लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ही सफाई ज्या रीतीनें होते ती पाहिली म्हणजे भय वाटतें. मातीकामाचें यंत्र, ज्यास लोक सरसकट जेसीबी म्हणतात, तें दोन दिवसांत जमीन तळहातासारखी सपाट करून देतें, आणि झुडपांबरोबर पाट, आळीं, खापरी नळ, हौदाचे कांठ हेंही सर्व एका ढिगाऱ्यांत जातें. एका देवस्थानच्या मागील बागेंत असा ढिगारा आम्हीं स्वतः पाहिला आहे. त्यांत घडीव दगडाच्या पन्हळीचे तीन तुकडे होते. पण ती पन्हळ कोठून कोठें जात होती हें सांगणारा आतां कोणीही उरला नाहीं. इतिहासाच्या दृष्टीनें अशी सफाई म्हणजे दप्तर न वाचतां जाळणें होय.

जुनी बाग मोकळी करण्याचें काम हें मूलतः पाठशोधनाचें काम आहे, आणि तें त्याच शिस्तीनें झालें पाहिजे, असें आमचें मत आहे. तें सप्रमाण मांडावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

(१) बाग आणि पोथी

पाठशोधनाची रीत ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. ग्रंथाच्या प्रती हातीं आल्या म्हणजे अक्षर, कागद व भाषा यांवरून त्यांचा काल ठरवावयाचा. मागाहून घुसलेला मजकूर वेगळा काढावयाचा. आणि जेथें कसरीनें अक्षर खाल्लें असेल तेथें कल्पनेनें भर न घालतां जागा रिकामी सोडावयाची. बागेसही हेंच लागू पडतें. मात्र एक मोठा भेद आहे. पोथीचा चुकीचा पाठ छापला तरी मूळ पोथी शिल्लक असते व पुढील अभ्यासक ती पुन्हा उघडूं शकतो. बागेची प्रत एकच, आणि ती वाचतांना एकेक पान काढून टाकीत जावें लागतें. वरचा थर काढल्यावांचून खालचा दिसत नाहीं, व काढलेला थर पुन्हा बसवितां येत नाहीं. म्हणून ह्या कामांत टिपणास जें महत्त्व आहे तें पोथीच्या कामांतही नाहीं.

शिवाय बागेंत प्रक्षेप केवळ रानाचे नसतात, सुधारणा करणाऱ्यांचेही असतात. दिल्ली येथील हुमायूनच्या कबरीभोंवतालची बाग हें याचें उत्तम उदाहरण आहे. सोळाव्या शतकांतील ही चारबाग १८६० च्या सुमारास इंग्रजी तऱ्हेनें बदलण्यांत आली व चौकोनी हौदांच्या जागीं वाटोळे ताटवे आले. पुढें लॉर्ड कर्झनच्या आज्ञेनें १९०३ ते १९०९ या काळांत जुनी रचना परत आणण्याचा उद्योग झाला. त्या वेळीं चुन्याचे पाट लाल दगडानें मढविले गेले. १९४७ सालीं फाळणीनंतर तेथें निर्वासितांची छावणी पडली. अखेर १९९७ ते २००३ या काळांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खातें व आगाखान सांस्कृतिक न्यास यांनीं मिळून बागेचा पुन्हा उद्धार केला. म्हणजे एका बागेवर निदान चार हात फिरले आहेत. त्यांपैकीं मूळ कोणता, प्रक्षिप्त कोणता, व प्रक्षिप्त असूनही आतां राखण्याजोगा कोणता, हा निवाडा कुदळीनें होत नाहीं. तो होण्यास आधीं वाचन झालें पाहिजे.

(२) महताबबागेचा दाखला

वाचन नीट झालें म्हणजे काय लाभतें, हें आग्र्याच्या महताबबागेवरून समजतें. ही बाग यमुनेच्या पैलतीरीं, ताजमहालाच्या बरोबर समोर आहे. तिचा मध्य ताजमहालाच्या मध्याशीं जुळतो व रुंदीही त्या आवाराच्या रुंदीस मिळती आहे. नदीच्या पुरांनीं ती गाळाखालीं गेली, आसपासच्या लोकांनीं दगड उचलून नेले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें रानटी झाडोऱ्यानें झांकलेला रेतीचा एक उंचवटा तेवढा उरला होता.

ह्या उंचवट्यासंबंधानें एक कथा रूढ होती. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानें आपल्या प्रवासवर्णनांत लिहून ठेविलें कीं, शाहजहानानें नदीपलीकडे स्वतःची कबर बांधावयास आरंभ केला होता, पण मुलांशीं झालेल्या युद्धामुळें ती राहिली. एवढ्या आधारावर काळ्या संगमरवरी ताजाची आख्यायिका उभी राहिली. १८७१ सालीं कार्लाइल या पुरातत्त्ववेत्त्यानें येथील अवशेष म्हणजे त्याच इमारतीचा पाया होय असें ठरविलें, आणि मग वाटाड्यांच्या तोंडीं ती कथा पक्की बसली.

उलट पक्षीं एक लेखी पुरावा पूर्वींपासून उपलब्ध होता. १६५२ च्या डिसेंबरांत शाहजादा औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर निघाला असतां आग्र्यास थांबला व त्यानें पित्यास तेथील इमारतींची हकीकत लिहून कळविली. हें पत्र 'आदाब-इ-आलमगीरी' ह्या पत्रसंग्रहांत आहे. ताजमहालाचा घुमट गळत असल्याची तक्रार त्यांत असून, महताबबाग पुराच्या पाण्यानें बुडाली व तिची शोभा गेली, परंतु अष्टकोनी हौद व त्याभोंवतींची इमारत उत्तम स्थितींत आहे, अशा आशयाचा मजकूरही आहे. ज्या जागीं कबरीचा पाया असल्याचें सांगत, तेथें बाग व अष्टकोनी हौद असल्याचें खुद्द शाहजहानाचा पुत्र लिहितो. तथापि पत्राकडे दुर्लक्ष होऊन आख्यायिकाच चालत राहिली.

१९९० नंतरच्या दशकांत पुरातत्त्व खात्यानें ही जागा मोकळी करण्यास आरंभ केला. १९९६ व १९९७ सालीं अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेच्या सॅकलर संग्रहालयाचें त्यास साहाय्य झालें. गाळ थराथरानें काढीत गेल्यावर नदीकांठच्या चौथऱ्यावर मोठा अष्टकोनी हौद व त्यांतील पंचवीस कारंज्यांची रचना प्रकट झाली. पत्रांतील शब्द न् शब्द जमिनींत मिळाला. काळ्या संगमरवराचे म्हणून जे तुकडे दाखवीत, ते वस्तुतः पांढरे दगड काळाच्या ओघांत काळवंडलेले निघाले. एलिझाबेथ मोयनिहान यांनीं संपादिलेला ह्या कामाचा वृत्तांत २००० सालीं प्रसिद्ध झाला. पुढें २००६ सालीं हौदांत पाणी भरून पाहिलें असतां ताजमहालाचें सांवळें प्रतिबिंब त्यांत स्पष्ट दिसलें. काळा ताज कोठें असलाच तर तो ह्या पाण्यांत होता, असें म्हणावें लागतें.

ह्या दाखल्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, दप्तरांतील कागद व जमिनींतील अवशेष यांची सांगड घातल्यासच निर्णय होतो. कागद एकटा असतांना आख्यायिकेपुढें दुबळा ठरला. दुसरी ही कीं, गाळ एकदम उपसून टाकिला असता तर हौदाचे कांठ व कारंज्यांच्या खुणा त्याबरोबरच गेल्या असत्या, आणि पत्र खरें कीं कथा खरी हें कायमचें संदिग्ध राहिलें असतें.

(३) झाडांवरून कालनिर्णय

भाषेंत एखादा फारसी किंवा इंग्रजी शब्द आढळला म्हणजे मजकुराची वरची मर्यादा ठरते. झाडांचेंही तसेंच आहे. पेरू, पपई, काजू, अननस, झेंडू, गुलबास, निवडुंग व घायपात हीं सर्व अमेरिकेंतून आलेलीं. पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच तीं आपल्याकडे रुळलीं. घाणेरी, जिला कोठें कोठें टणटणी म्हणतात, ती शोभेचें झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत आणली गेली व आतां डोंगरचे डोंगर व्यापून बसली आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तोही एकोणिसाव्या शतकांतला. गाजरगवत, ज्यास काँग्रेस गवत म्हणतात, तें पुण्यास १९५५ च्या सुमारास प्रथम लक्षांत आलें. तेव्हां ज्या मातींत गाजरगवत माजलें आहे तो थर निःशंक उपटावा. पण ज्या थरांत बकुळ, नागकेशर, सुरंगी किंवा सोनचाफा रांगेनें उभा आहे तेथें हात आंखडावा.

नांवांविषयीं येथें विशेष सावधगिरी पाहिजे. आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असतांना अशोकाचें वर्णन आलें कीं मुलें आवारांतील उंच, सरळ, लांबट पानांच्या झाडाकडे बोट दाखवीत. तें झाड आसुपालव होय. संस्कृत कवींचा अशोक निराळा. त्यास शेंदरी-तांबड्या फुलांचे झुबके येतात, व लोक त्यास सीतेचा अशोक म्हणतात. तीच गोष्ट चाफ्याची. देवळापुढें आढळणारा खुरचाफा अमेरिकेंतून आलेला आहे. जुन्या संस्कृत ग्रंथांतील चंपक म्हणजे सोनचाफा. जुन्या ग्रंथांत चंपक वाचून खुरचाफा लावणें म्हणजे पाठ वाचून अर्थ गमावणें होय.

परंतु ह्या कसोटीचा अतिरेकही करूं नये. परदेशी तें सर्व अर्वाचीन, असा नियम नाहीं. गोरखचिंच आफ्रिकेची खरी, पण विजापूर व गोवळकोंडें येथें तिचे अवाढव्य जुने वृक्ष आहेत. तसेंच झाड स्वतःचें वय सांगतें, बागेचें नव्हे. गुलमोहराच्या मुळाशीं पेशवाईंतला पाट असूं शकतो. पिंपळ, कडुनिंब व घाणेरी यांचें बीं पक्षी टाकतात. म्हणून झाड कोणतें याबरोबरच तें कोठें उभें आहे हें पाहावें. समान अंतरावर, सुतांत उभीं असलेलीं झाडें किंवा त्यांचे बुंधे माणसाच्या हातचे. इतस्ततः उगवलेलीं रानाचीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाध्यायांत दोन झाडांमधील अंतर वीस हात उत्तम, सोळा मध्यम व बारा कनिष्ठ असें सांगितलें आहे. बुंध्यांमधील अंतर मोजून तें हातांत मांडल्यास रांगेंतलें गळालेलें झाड कोठें असावें याचा तर्क करतां येतो. तेथें थोडें खरवडून पाहिलें तर जुन्या खड्ड्याची माती भोंवतालच्या मातीहून भुसभुशीत व निराळ्या रंगाची लागते.

(४) पाणी हेंच व्याकरण

बागेचा पाठ जेथें अगदीं तुटला आहे तेथें पाण्याची वाट धरावी. पाण्यास खोटें बोलतां येत नाहीं. तें उतारानेंच जातें. हुमायूनच्या बागेंतील तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचे पाट दुरुस्त करतांना त्यांस चाळीस मीटरांत एक सेंटिमीटर इतका सूक्ष्म उतार द्यावा लागला. शंभर मीटरांत हा उतार केवळ अडीच सेंटिमीटर, म्हणजे दीड बोटाएवढाच होतो. इतक्या नाजूक रचनेवर वीतभर माती साचली कीं पाणी थांबतें, पाट निरुपयोगी होतो, मग तो बुजवितात, व बाग सुकते. आपल्याकडील कित्येक बागा अशाच रीतीनें गेल्या असाव्यात असें वाटतें. म्हणून पाटाचा तळ लागेल तेथें तेथें सपाटी-यंत्रानें किंवा निदान पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनें उंची मोजून नकाशावर लिहावी. चार ठिकाणच्या उंची मिळाल्या म्हणजे पांचवें ठिकाण आपोआप सांपडतें.

आपल्या प्रांतांत विहीर हें बागेचें उगमस्थान. मोटेची धाव, थारोळें, थारोळ्यांतून निघालेला पाट, पाटास फुटलेले दंड व दंडांच्या शेवटीं आळीं, असा हा क्रम असतो. ज्या शहरांत नळाचें पाणी खेळविलें होतें, उदाहरणार्थ कात्रजच्या पाण्यावरील पुणें किंवा मलिक अंबराच्या नहरीवरील औरंगाबाद, ज्याचें नांव आतां छत्रपती संभाजीनगर झालें आहे, तेथें खापरी नळ, उच्छ्वास व हौद यांचा माग घ्यावा. विहिरीचें तोंड व हौदाची जागा हीं दोन टोकें मिळालीं कीं बागेचें अर्धें व्याकरण सुटलें.

(५) प्रत्यक्ष काम

कामाचा क्रम आम्ही पुढीलप्रमाणें सुचवितों. प्रथम कागद. गांवचा नकाशा, सनदा, इनामाचीं टिपणें, बागेच्या खर्चाचे हिशेब, जुनीं छायाचित्रें, आणि वृद्धांच्या तोंडीं असलेलीं जागांचीं नांवें गोळा करावीं. 'आंबराई', 'फुलबाग', 'हौदाचा मळा' असलीं नांवें पुष्कळदां बाग गेल्यावरही शंभर वर्षें टिकतात.

मग पाहणी. पावसाळा संपल्यावर, मार्गशीर्ष-पौषांत, गवत पिवळें पडूं लागतें त्या वेळीं जागा रोज सकाळीं तिरप्या उन्हांत पाहावी. खालीं दगडी जोतें असेल तेथें गवत लवकर वाळतें. बुजलेला पाट किंवा खड्डा असेल तेथें तें उशीरापर्यंत हिरवें राहतें. ह्या रेषा त्याच दिवशीं नकाशावर उतराव्यात. महिन्याभरानें त्या दिसत नाहींत.

त्यानंतर कोयता, परंतु कुदळ नव्हे. झाडोरा जमिनीलगत कापावा, उपटूं नये. घाणेरी केवळ कापल्यास पुन्हा दुणावून फुटते, हें खरें. म्हणून तिचें मूळ मानेच्या खालीं तीनचार बोटें तोडून खुंट उलटा करून ठेवावा, व हें काम फळें पिकण्यापूर्वीं उरकावें, नाहींतर पक्षी पुन्हा पेरणी करतात. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीं हातमोजे घालून उपटावें. अंगास लागल्यास त्यानें खाज व पुरळ उठतें. भिंतींत किंवा हौदाच्या कांठांत रुजलेला वड-पिंपळ ओढून काढण्याचा मोह आवरावा. त्याचीं मुळें दगडांच्या सांध्यांत गेलेलीं असतात, आणि झाडाबरोबर भिंतही येते. तो वरून छाटीत जाऊन, मूळ मारून, वाळल्यावर तुकड्यातुकड्यानें काढावा व सांधे चुन्यानें भरावे. सिमेंट घालूं नये. तें जुन्या चुन्याहून कठीण असल्यामुळें ओल कोंडतें व दगड फोडतें.

सर्वांत शेवटीं माती. ती थराथरानें, खुरप्यानें व लहान फावड्यानें काढावी. प्रत्येक थराचा रंग व खोली लिहावी. निघालेले घडीव दगड जेथें मिळाले तेथेंच अंक घालून ठेवावे. आणि जागेचा एक कोपरा, शक्य तर चतुर्थांश, मुळींच उकरूं नये. तो साक्षीदार म्हणून राखावा. आज जी परीक्षा आपणांस अवगत नाहीं ती उद्यांच्या संशोधकांस अवगत असेल. मातींतील परागकण व जळक्या बियांवरून पूर्वींचीं झाडें ओळखण्याची विद्या आमच्या विद्यार्थिदशेंत कोणास ठाऊक होती?

(६) पुन्हा लागवड

जागा मोकळी झाली म्हणजे ती तत्काळ हिरवी करण्याची घाई होते, आणि सर्वत्र एकसारखें कापीव गवत पसरतें. तें स्वस्त व डोळ्यांस सुखद असतें; परंतु आपल्या जुन्या बागेच्या पाठांत तें बहुधा नसतें, आणि एकदां तें पसरलें म्हणजे पाट व आळीं यांची पुनः आठवणही राहत नाहीं. त्याऐवजीं पहिलें वर्ष जमिनीस द्यावें. वराहमिहिर सांगतो कीं, मऊ भूमि सर्व वृक्षांस हितकर. तींत प्रथम तीळ पेरावे व ते फुलावर आले म्हणजे तेथेंच तुडवून मातींत मिसळावे, हें भूमीचें पहिलें कर्म होय. आजचे कृषितज्ज्ञ ह्यासच हिरवळीचें खत म्हणतात. ह्या एका वर्षांत पाऊस कोठें साचतो, जुन्या मुळांस फूट कोठें येते, हेंही कळून येतें.

लावावयाचीं झाडें कागदांत किंवा जमिनींत पुरावा असेल तीं लावावीं. पुरावा नसेल तेथें सोमेश्वराचा मानसोल्लास, शार्ङ्गधरपद्धतींतील उपवनविनोद व सुरपालाचा वृक्षायुर्वेद ह्या ग्रंथांतून त्या काळचा सामान्य व्यवहार समजतो. पण तो सामान्य व्यवहार होय, त्या विशिष्ट बागेचा पाठ नव्हे, हें फलकावर स्पष्ट लिहावें. सुरपालाच्या ग्रंथाची गोष्ट ह्या प्रसंगीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत होती, आणि नलिनी साधले यांच्या इंग्रजी भाषांतरासह ती १९९६ सालीं सिकंदराबादेहून प्रसिद्ध झाली. कोणी तरी ती पोथी टाकून न देतां जपली, म्हणून आज तिचा उपयोग होतो.

हेंच आमचें वाचकांस शेवटचें सांगणें आहे. आपणांपैकीं अनेकांच्या संग्रहीं रुमालांत बांधलेलीं दप्तरें आहेत. त्यांत सनदा व राजकारणाचीं पत्रें निवडून काढतांना माळ्याची मजुरी, मोटेचें चामडें, रोपांची खरेदी, हौदाची डागडुजी असल्या चिटोऱ्या क्षुल्लक म्हणून बाजूस पडतात. त्यांवरील एकेक ओळ कोठल्या तरी झाडोऱ्याखालीं आपल्या जोडीदाराची, एखाद्या पाटाची किंवा आळ्याची, वाट पाहत आहे. अशा नोंदी गांव, तिथि व मूळ शब्दांसह उतरून प्रसिद्ध कराव्या. आणि आपल्या गांवीं एखादी जुनी बाग साफ होणार असें कानीं आलें तर यंत्र पोंचण्यापूर्वीं नकाशा व मोजपट्टी घेऊन तेथें जावें. आठ दिवसांचा विलंब झाल्यानें कोणत्याही बागेचें नुकसान होत नाहीं; परंतु त्या आठ दिवसांत जें लिहून ठेविलें जाईल तेंच पुढें त्या बागेचें अस्तित्व ठरेल.